उघडली तरच धुतली

आमच्याकडे खिमा घरीच होतो. राणाचे किंवा खांद्याचे मटण तुकड्यांत आणायचे, पांढरे पडदे आणि शिरा काढायच्या आणि बिडाच्या हातमशीनमधून काढायचे. कानवल्यांना बारीक, पॅटिसला जरा भरड, असा हवा तसा खिमा मिळतो आणि त्यात मांस किती, चरबी किती हे आपल्याला ठाऊक असते. मात्र मशीनची निगा राखायला वेळ नसेल, तर खिमा सरळ खाटकाकडून करून आणावा, असे माझे ठाम मत आहे. हे काम अर्धवट केलेले चालत नाही.

१. खिमा नाजूक असतो, हे आधी ध्यानात घ्यावे

मटणाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असले, तर ते बहुतेक वरच्या अंगाला असतात आणि कढईत पडताच मरतात. खिमा करताना हे वरचे अंग सगळ्या मांसात कालवले जाते. १९९२च्या अखेरीस आणि १९९३च्या सुरुवातीला अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू पसरला. त्यात सातशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजला पाहिजे, असे तिथले अन्नखाते सांगते.

आपला खिमा रटरट शिजतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण मशीनला लागलेले हात, ओटा, शेजारी चिरून ठेवलेली कोथिंबीर, कोशिंबिरीची काकडी हे काही शिजत नाही. शिवाय जाळीच्या भोकात अडकलेले मागच्या रविवारचे मांस पुढच्या रविवारच्या खिम्यात उतरते. शिजवल्यावर जंतू मेले, तरी शिळ्या चरबीचा खवट वास मसाल्याने झाकत नाही.

२. आधी मशीन, मग फोडणी

खिमा निघाला की हात आपोआप कांद्याकडे वळतात. तो मोह आवरावा. खिमा झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि मशीन तेव्हाच्या तेव्हा उघडावी. ओल्या मशीनचे मांस पाण्याच्या धारेने सुटते. तीच मशीन जेवण, वामकुक्षी उरकून संध्याकाळी हातात घेतली, तर चरबी थिजलेली असते आणि मांसाचे धागे आट्यांमध्ये वाळून बसलेले असतात.

उघडण्याआधी, शेवटच्या मांसामागून, पावाचा तुकडा घालून दांडा फिरवावा. आत राहिलेले मांस तो पुढे ढकलतो. पाव पांढरा दिसू लागला की थांबावे. पुष्कळ घरांत एवढ्यावरच मशीन स्वच्छ झाली असे मानतात आणि ती जोडलेली तशीच पाण्याखाली धरतात. पावाने मांस वाया जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. धुणे त्यापुढे सुरू होते.

३. मशीन पूर्ण उघडावी, दर वेळी

पुढची रिंग, जाळी, पाते, स्क्रू, दांडा आणि धड, इतके भाग वेगळे झालेच पाहिजेत. रिंग घट्ट बसली असेल, तर तिच्यावर गरम पाणी सोडावे आणि फडक्याने धरून फिरवावी. हातोडी मुळीच लावू नये. बीड वाकत नाही, तडकते.

मग नेमके कुठे पाहायचे? पहिली जागा म्हणजे रिंगच्या आतले आटे आणि ज्यावर ती बसते ते धडाचे आटे. इथे करड्या रंगाचा चिकट लेप साचतो. जुना टूथब्रश आट्यांच्या दिशेने फिरवला की तो निघतो, आडवा घासला तर आणखी आत बसतो. दुसरी जागा स्क्रूच्या मागच्या टोकाशी, जिथे तो धडाच्या भोकातून बाहेर येऊन दांड्याला मिळतो. काही मशीनमध्ये तिथे वायसर असतो. तो काढून त्याची मागची बाजू पाहावी, सगळा हिवस वास तिथून येत असतो. तिसरी जागा पात्याच्या मधले चौकोनी भोक.

चौथी आणि सर्वांत दगाबाज जागा म्हणजे जाळी. दोन्ही बाजूंनी घासली की ती स्वच्छ दिसते, पण भोकांच्या आतल्या भिंतीला पांढरे धागे चिकटलेलेच राहतात. जाळी उजेडाकडे धरावी. जी भोके पूर्ण गोल दिसत नाहीत, त्यांत नव्या खराट्याची धुतलेली हीर घालून एकेक मोकळे करावे. बारीक जाळीला वेळ लागतो. टीव्हीसमोर बसून, ताटात जाळी घेऊन हे काम मी खुशाल करते, पण एकही भोक सोडत नाही.

४. पाणी आधी गार, मग कढत

कढत पाण्याने चरबी सुटते हे खरे, पण मांसातली प्रथिने त्याच पाण्याने आळतात आणि धातूला धरून बसतात. म्हणून पहिली धार गार पाण्याची. लाल पाणी जायचे थांबले की भांड्यांचा साबण आणि हाताला सोसवेल इतके गरम पाणी घेऊन घासावे. धडाच्या आतून बाटली धुवायचा ब्रश फिरवावा. साबण निघून गेल्यावर सगळे भाग परातीत मांडून वरून उकळते पाणी ओतावे. त्याने जंतू कमी होतातच, शिवाय तापलेला धातू लवकर वाळतो. सिंक आणि ओटाही लगोलग धुवावा. मशीनवरून उडालेले शिंतोडे तिथेच असतात.

५. चिंच, राख, तारेची घासणी दूर

बिडाच्या मशीनवर चकाकते ती कथिलाची कल्हई. चिंच आणि लिंबाने हा थर झिजतो, राखेने आणि तारेच्या घासणीने ओरखडतो. तो गेला की खालचे बीड गंजणारच. तारेच्या घासणीत आणखी एक धोका आहे: तिची बारीक तार तुटून जाळीच्या भोकात अडकते आणि घासात येते. डिशवॉशरही नको. त्याच्या पावडरीने अॅल्युमिनियमचे भाग काळवंडतात, हाताला काळे लागते आणि पाते-जाळी गंजतात. हिवस वास राहिलाच, तर बेसन चोळून पुन्हा साबणाने धुवावे.

६. पावसाळ्यात पुसणे पुरत नाही

पाते आणि जाळी बहुधा साध्या पोलादाची असतात. कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या हवेत ती नुसती पुसून ठेवली, तर जेवण होईपर्यंत त्यांवर तांबूस ठिपके येतात. कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवावीत, आणि हवा फारच दमट असेल तर मंद आचेवरच्या तव्यावर मिनिटभर कोमट करावीत. कल्हई असलेला कुठलाही भाग मात्र विस्तवावर धरू नये. कथील २३२ अंशांना वितळते आणि गॅसची ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते.

वाळल्यावर तेलाचा हात. शेंगदाण्याचे तेल लावले तर काही आठवड्यांत चिकट होऊन खवटते. औषधाच्या दुकानात साधे, निव्वळ लिक्विड पॅराफिन मिळते, ते दोन थेंब फडक्यावर घेऊन पाते, जाळी आणि आट्यांवर फिरवावे. शिलाई मशीनचे तेल पोटात जाण्याजोगे नसते. ठेवताना मशीन जोडून ठेवू नये, कारण पाते आणि जाळी एकमेकांना चिकटून राहिली की ओल तिथेच धरते. मी ती दोन्ही मलमलच्या फडक्यात वेगवेगळी गुंडाळून डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. पुढच्या खेपेला वापरण्याआधी साबणाने धुतले की झाले.

७. पाते आणि जाळी ही जोडी आहे

माझ्या मते या मशीनचे खरे मर्म इथे आहे. पाते एकटे काही कापत नाही. पात्याची सपाट बाजू जाळीवर घासत फिरते आणि भोकात शिरलेले मांस दोघांच्या कडांमध्ये कात्रीसारखे कापले जाते. म्हणून सपाट बाजू जाळीकडेच हवी. उलटे बसले तर मांस कापण्याऐवजी चेचले जाते, मागच्या भोकातून लाल पाणी गळते आणि पुढून लगदा येतो. तो शिजवला की दाणा सुटत नाही.

वापरता वापरता पाते आणि जाळी एकमेकांना जुळत झिजतात. दोन जाळ्या असतील तर प्रत्येकीचे पाते वेगळे ठेवावे आणि जाळीची एकच बाजू पात्याकडे येईल अशी खूण करावी. रिंग हाताने बसेल तेवढीच आवळावी. सैल राहिली तर मांस कापले जात नाही, फार आवळली तर धातूवर धातू घासून करडी भुकटी पडते. त्याच कारणाने रिकामी मशीन फिरवू नये.

दांडा जड जाऊ लागला आणि पात्याभोवती शिरांचा गुंता होऊ लागला की धार गेली असे समजावे. ती घरी लावता येते. जाड, सपाट काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरावा. जाळीच्या पात्याकडच्या बाजूवर मार्करने रेघा ओढाव्या आणि ती कागदावर सपाट दाबून गोल गोल फिरवावी. रेघा कुठे पुसल्या आणि कुठे उरल्या, त्यावरून खड्डा कुठे आहे ते दिसते. सगळ्या रेघा गेल्या की पृष्ठभाग सपाट झाला. मग ४०० नंबरचा कागद. पात्याचीही सपाट बाजू अशीच घासावी, पाकळ्यांच्या तिरप्या बाजूला हात लावू नये. शेवटी साबणाने दोनदा धुवावे, कारण कागदाची कच भोकांत राहते.

८. गार मांस, कमी घाण

मांसाचे तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावेत, कडा टणक होईपर्यंत. जमल्यास जाळी आणि पातेही. गार चरबी कापली जाते, कोमट चरबी माखली जाते. धुण्याचे निम्मे काम इथेच वाचते.

९. विजेची मशीन

आधी प्लग काढावा, मग हात लावावा. मोटरचा भाग ओल्या फडक्याने पुसावा, पाण्यात कधीच नाही. मांस दट्ट्यानेच ढकलावे, बोटाने किंवा चमच्याने नाही. हाड तर अजिबात घालू नये. आवाज जड झाला की बंद करून पात्याभोवतीचा गुंता काढावा. जोर लावत राहिले तर आतला प्लास्टिकचा गिअर तुटतो.

१०. जाळी बदलायची तर नंबर पाहून

मशीनच्या धडावर ५, ८, १०, १२, २२, ३२ असा एखादा आकडा कोरलेला असतो, तो तिचा नंबर. ५ नंबरची जाळी सुमारे ५४ मिलिमीटरची, ८ची ६२, १० आणि १२ची ७० आणि २२ची ८२. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास चौकशी करावी, पण जाताना जुनी जाळी आणि पाते पिशवीत घेऊन जावे. मधल्या भोकाचा आकार आणि कडेची खाच जुळली नाही, तर नंबर बरोबर असूनही जाळी बसत नाही. आणि जाळी नवी घेतली की पातेही नवेच घ्यावे.