साउथ डकोटाचा ट्रस्ट आणि साताऱ्याचं घर

दादाची सगळी नोकरी न्यू जर्सीत झाली. साताऱ्याचं घर त्याने स्वतःच्या कमाईतून बांधलं. ते कधी विकलं जाऊ नये, नातवंडं-पतवंडांनी तिथे यावं, ही त्याची फार इच्छा. तिकडच्या वकिलांनी त्याला साउथ डकोटाच्या कायद्याखाली ट्रस्ट करून दिला आणि मिळकतींच्या यादीत हे घरही घातलं.

जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे मालमत्ता कायमची बांधून ठेवता येत नाही. हयात व्यक्तीचं आयुष्य आणि वर २१ वर्षं, एवढीच मुदत. साउथ डकोटाने १९८३ साली ही मर्यादाच काढून टाकली. तिथे राज्याचा आयकर नाही, आणि ट्रस्ट करायला तिथे राहावंही लागत नाही. तिथला विश्वस्त नेमला की पुरे. मग इतर राज्यंही सरसावली. फ्लोरिडाने २०२२ मध्ये मुदत हजार वर्षांवर नेली. नेवाडात तर राज्यघटनेचीच अशा कायमच्या बंधनाला मनाई आहे. ती उठवायला मतदारांनी २००२ मध्ये नकार दिला, तरी विधिमंडळाने २००५ मध्ये ३६५ वर्षांची मुदत देऊन टाकली. मला हे पटत नाही. अजून जन्माला न आलेल्या माणसांचे निर्णय आज कुणी करून ठेवावेत?

दादा गेल्यावर वहिनी ते जाडजूड ट्रस्टडीड घेऊन आल्या. सिटी सर्व्हेच्या कार्यालयातल्या बाईंनी नोटरीचे शिक्के पाहिले, शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "दस्त क्रमांक कुठाय?" तो नव्हताच. स्थावर मिळकतीचा खाजगी ट्रस्ट भारतात नोंदणीकृत दस्ताने किंवा मृत्युपत्रानेच करता येतो. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम तसं सांगतो. दादाने मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

नोंदणी झाली असती तरी अडचण होतीच. घर भारतात, म्हणून कायदाही इथला. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १४ सांगतं की हयात व्यक्तींचं आयुष्य आणि त्यानंतरच्या वारसाचं अज्ञानपण, यापलीकडे मिळकत अडकवता येत नाही. सार्वजनिक हितासाठी दिलेल्या मिळकतीला यातून सूट आहे, कुटुंबाला नाही. पतवंडांपर्यंतची दादाची योजना इथे टिकलीच नसती.

मग घर हिंदू उत्तराधिकार कायद्याने वाटलं गेलं: वहिनी, दोन मुलं आणि आमची आई, चौघांना सारखा हिस्सा. आई वारस ठरेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला हक्कसोडपत्रासाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात न्यावं लागलं. मुलाच्या घरावरचा हक्क सोडते म्हणून अंगठा टेकवताना ती रडली. ते दृश्य कुठल्याही घरात घडू नये, म्हणून हे लिहिते आहे.

परदेशात ट्रस्ट करत असाल तर भारतातलं घर, प्लॉट त्या यादीतून वगळा. इथल्या स्वकष्टार्जित मिळकतीचं वेगळं मृत्युपत्र इथल्या वकिलांकडून करा, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि आज हयात असलेल्या माणसांची नावं स्पष्ट घाला. आई हयात असेल तर तिचा विचार आधी करा. आणि तिकडे नंतर केलेल्या मृत्युपत्रात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' असं वाक्य छापील मसुद्यातून सहज येतं. त्यातून भारतातलं मृत्युपत्र वगळल्याचं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.