श्रवणातून वाचनाकडे

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे पूर्वी एकच होते. १९८२ साली ते वेगळे झाले. साग, मोह आणि बांबू यांच्या या अरण्यप्रदेशाचा बराच भाग झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. येथील खेड्यांत पूर्वी ग्रंथ थोडे आणि वाचता येणारी माणसे त्याहूनही थोडी. तरीही ग्रंथांची गोडी लोकांना होती. ती कानांनी लावली होती.

महाराष्ट्रातील इतर खेड्यांप्रमाणे येथेही चातुर्मासात पोथी लावीत. मंदिरात किंवा एखाद्याच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात एक जण ओव्या वाची, दुसरा त्यांचा अर्थ सांगे आणि भोवती बसलेली मंडळी ऐकत. श्रीधरकवीच्या 'हरिविजया'चे अध्याय ३६. रोज एक अध्याय वाचला, की सव्वा महिन्याच्या आत ग्रंथ पुरा होई. एका रात्रीत दहा अध्याय उरकण्याची घाई नसे आणि पाऊस कोसळत असला तरी खाडा पडू देत नसत. नियमित वाचनाची याहून सोपी रीत अजून कोणाला सापडलेली दिसत नाही. पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीता' लिहिली, तीही ओव्यांतच. ग्रामसफाई, शिक्षण, उद्योग असे विषय गद्यातही मांडता आले असते. पण ओवी चारचौघांत वाचता येते आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणात राहते. चिमूरजवळच्या गोंदेड्याच्या अरण्यात राहिलेल्या महाराजांना खेड्यातला श्रोता चांगलाच ठाऊक होता. ४१ अध्यायांचा तो ग्रंथ गावोगावी सामुदायिक रीतीने वाचला जाऊ लागला.

यंत्राने पुस्तक वाचून दाखवावे, ही कल्पना मात्र अंधांच्या गरजेतून जन्मली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अनेक सैनिकांना मोठ्या वयात ब्रेल लिपी शिकणे जड जाई. अशा लोकांसाठी १९३५ साली इंग्लंडात कादंबऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. एका कादंबरीला सुमारे दहा तबकड्या लागत! आता शेकडो पुस्तके खिशातील फोनमध्ये मावतात. दृष्टिहीन वाचकांसाठी भारतात २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली वसविलेल्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे. अशा मुलांना ध्वनिपुस्तक ही केवळ करमणूक नव्हे. ब्रेलमध्ये न निघालेले पुस्तक त्यांच्यापर्यंत त्याच वाटेने पोहोचते.

डोळस मुलांनाही त्याचा उपयोग आहे, विशेषतः भामरागडकडील मुलांना. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरची भाषा माडिया, आणि शाळेतले पुस्तक मराठी. छापलेले लांब वाक्य कोठे तोडावे, कोणत्या शब्दावर जोर द्यावा, हे त्यांना चटकन उमगत नाही. चांगल्या वाचकाचा आवाज ते न शिकविता शिकवितो.

परंतु नुसते ऐकून भागत नाही. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. एकाचा अर्थ दिवस आणि दुसऱ्याचा गरीब, हा भेद डोळ्यांना लगेच दिसतो. शिवाय ऐकताना मन क्षणभर भटकले, की वाक्य निघून जाते. पानावरचे वाक्य आपण परत येईपर्यंत जागचे हलत नाही.

यासाठी पुस्तक समोर उघडे ठेवून, ओळीवर बोट फिरवीत, एकच प्रकरण ऐकावे. रानातल्या गावी फोनला संपर्क मिळत नाही, ही अडचण खरीच. पण तालुक्याच्या गावी एकदा उतरवून घेतलेले ध्वनिमुद्रण पुढे संपर्काशिवायही ऐकता येते. दुसऱ्या दिवशी, शक्यतो त्याच वेळी, तेच प्रकरण यंत्र बंद करून स्वतः मोठ्याने वाचावे. वाचताना आजी किंवा धाकटी भावंडे जवळ बसली, तर फारच उत्तम. पुढे काय झाले, हे उद्या तीच विचारतील. आणि त्यांना सांगण्यासाठी पुढचे प्रकरण वाचावेच लागेल.