स्टीलहेड काठाशीच असतो

पोरी, सिॲटलजवळच्या व्हिडबी बेटावर हिवाळी स्टीलहेडसाठी निघालीच आहेस, तर मामाचं एक ऐक. पाण्यात उतरायची घाई करू नकोस. समुद्रातून परतणारा हा मासा काठाकाठाने नदीकडे जातो, पुष्कळदा कमरेपेक्षा कमी पाण्यातून. छातीभर पाण्यात उभे राहणारे लोक त्याच्या वाटेवरच उभे असतात आणि गळ त्याच्या पलीकडे टाकतात. तू कोरड्या गोट्यांवर उभी राहा. पहिल्या दोन-चार फेकी काठाला समांतर टाक, मग तिरप्या. लांब फेकायची हौस सगळ्यात शेवटी.

जागा बेटाच्या पश्चिम अंगाला: बुश पॉइंट, लगून पॉइंट, फोर्ट केसी. स्नोहोमिश, स्टिलाग्वामिश अशा नद्यांकडे निघालेले मासे या बाजूने दक्षिणेकडे जातात. जमिनीचं टोक पाण्यात घुसलं असेल तिथे काठाने येणाऱ्या माशाला वळसा घ्यावाच लागतो. त्या वळशावर थांब, पण खिळून राहू नकोस. तासभर काही हललं नाही तर किनाऱ्याने चालत राहा. बुश पॉइंटला आमिषवाले जुने लोक रॉड रोवून बसलेले असतात, त्यांना विचारूनच शेजारी उभी राहा. त्यांच्या दोऱ्यांवरून आपली लाइन कधी न्यायची नाही.

भरती-ओहोटीचा तक्ता आदल्या रात्री बघ. तिथल्या दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, आणि हिवाळ्यात मोठी ओहोटी रात्री येते. पाणी चालतं असेल तेव्हाच मासेमारी कर. पाणी थांबलं की चहा पी.

सात-आठ नंबरचा रॉड पुरे, महागडा नको. हळू बुडणारी इंटरमीडिएट लाइन घे. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं नकली आमिष, कोळंबीसारखी, गुलाबी किंवा नारिंगी, आणि गळाला काटा नसलेली. कमरेला लाइनची टोपली बांधच. नाहीतर सुटलेली लाइन लाटेबरोबर गोट्यांत आणि शेवाळात अडकते, आणि नेमका तेव्हाच मासा लागतो. ओढ लहान-लहान दे, मध्ये थांब. मासा फ्लायच्या मागे अगदी पायापाशी येतो, म्हणून शेवटच्या हातभर पाण्यातही फ्लाय घाईने उचलू नकोस. प्रत्येक फेकीनंतर गळ बघ. गवताची एक काडी लागली असली तरी ती फेक वाया गेली.

आता जपायचं. पाणी आठ-नऊ अंशांवर असतं. वेडर (पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख) घातलास तर वरून पट्टा घट्ट आवळ. अ‍ॅडमिरल्टी इनलेट या बेटालगतच्या खाडीतून सिॲटल, टकोमाकडे जाणारी मोठी जहाजं लांबून जातात, पण त्यांच्या लाटा काही मिनिटांनी काठावर आपटतात, जहाज पुढे निघून गेल्यावर. जहाज दिसलं की मागे सरक.

आणि मासा लागला तर आधी त्याची पाठ बघ. शेपटीच्या अलीकडचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर तो हॅचरीचा, म्हणजे माणसाने वाढवून सोडलेला. पर शाबूत असेल तर तो रानचा. इथल्या प्युजेट साउंडचा रानचा स्टीलहेड 2007 पासून अमेरिकेच्या कायद्यानुसार ‘धोक्यात आलेला’ (threatened) म्हणून यादीत आहे. त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही, गोट्यांवर ओढायचं नाही. ओल्या हाताने धर, गळ सोडव, आणि तो स्वतःहून निघेपर्यंत त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवून आधार दे. पॅसिफिकचे इतर सामन अंडी घातल्यावर मरतात. हा मात्र पुन्हा समुद्रात जाऊन पुन्हा नदीत परतू शकतो, म्हणून सोडलेल्या एका माशाचीही किंमत मोठी. राज्याचे नियम दरवर्षी बदलतात. मोसम उघडा आहे का आणि परवान्याबरोबर नोंदीचं कार्ड लागतं का, हे निघण्याआधी वाचून घे.

बेटावरच्या क्लिंटनहून फेरीने मकिल्टिओला उतरून घरी पोचलीस की जेवायच्या आधी रॉड, रीळ आणि लाइन गोड्या पाण्याने धू. वापरलेल्या फ्लाय डब्यात ठेवू नकोस, बाहेर वाळत ठेव. एक खारी फ्लाय अख्ख्या डब्यातले गळ गंजवते.