काकाजींना उशीर का झाला? (अंतर आणि वेळेचे गणित)

आमचे काकाजी मुंबईला कामाला आहेत. कार्तिक महिन्यात आमचे आबाजी वारले. सकाळी ६ वाजता काकाजींना फोन गेला. ते विमानाने आले, तरी घरी पोचायला रात्रीचे पावणेआठ वाजले. दिवस बुडायच्या आत माती द्यावी लागली. आत्या म्हणाली, "विमानानं येऊनही उशीर! मधात कुठं थांबला असंल." काकाजी काहीच बोलले नाहीत.

मग गुरुजींनी भूगोलाच्या तासाला नकाशाचे प्रमाण शिकवले. मी ठरवले, हे गणित आपण करून पाहू.

अंतर कसे काढावे?

वर्गातल्या महाराष्ट्राच्या नकाशावर १ सें.मी. म्हणजे १० कि.मी. असे लिहिले आहे. मी नागपूरपासून मुंबईपर्यंत दोरा ताणून धरला आणि मीटरपट्टीवर मोजला. ६८ सें.मी. भरला.
६८ × १० = ६८० कि.मी.
विमान जवळजवळ दोऱ्यासारखे सरळ जाते. रेल्वेला वळणे असतात, म्हणून ती ८३७ कि.मी. जाते. समृद्धी महामार्ग ७०१ कि.मी. आहे.

वेळ कशी काढावी?

मोठे विमान वर गेल्यावर तासाला सुमारे ८०० कि.मी. जाते. म्हणजे ६ मिनिटांत ८० कि.मी.
८० × ८ = ६४०, त्याला ४८ मिनिटे. उरले ४० कि.मी., त्याला ३ मिनिटे. एकूण ५१ मिनिटे.
पण खरा वेळ दीड तास लागतो. असे का? विमान आधी जमिनीवर हळूहळू धावपट्टीपर्यंत जाते. मग चढते. उतरतानाही वेग कमी करते. कधी उतरायला नंबर लागेपर्यंत आकाशात फिरत राहते.

काकाजींचा प्रवास

सकाळी १० वाजता विमान निघाले. पुढचे मी त्यांना विचारून लिहिले.
१) मुंबई ते नागपूर, विमान : १ तास ३० मिनिटे
२) विमानतळ ते बसस्टँड आणि गाडीची वाट : १ तास
३) नागपूर ते गडचिरोली, एसटी, १७० कि.मी. : ४ तास ३० मिनिटे
४) गडचिरोलीला गाडीची वाट : ३० मिनिटे
५) गडचिरोली ते आमचा फाटा, एसटी, ४० कि.मी. : १ तास ३० मिनिटे
६) फाटा ते घर, पायी, ३ कि.मी. : ४५ मिनिटे
एकूण ९ तास ४५ मिनिटे.

सकाळच्या १० मध्ये ९ तास ४५ मिनिटे मिळवा. रात्रीचे पावणेआठच येतात! म्हणजे काकाजी मधात कुठेच थांबले नाहीत. आकाशातल्या ६८० कि.मी.ला दीड तास लागला आणि जमिनीवरच्या २१३ कि.मी.ला सव्वाआठ तास.

मी हे गणित आत्याला वाचून दाखवले. ती उगीच बसली. मग म्हणाली, "काकाजीला फोन लाव, मी बोलते."

म्हणून मित्रांनो, नुसती विमानाची वेळ पाहू नये. घरापासून घरापर्यंतची वेळ मोजावी.

तुम्ही करून पाहा : मुंबई ते लंडन हवेतून सुमारे ७२०० कि.मी. आहे. तासाला ८०० कि.मी. वेगाने किती तास लागतील? हे अंतर दोऱ्याने मोजायचे असेल तर पृथ्वीच्या गोलावर मोजा, कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट.

– इयत्ता ४ थी