साथीच्या वाद्याचा कैवारी : लॉनी जॉन्सन

गायनाच्या मैफलीत आपले सारे लक्ष गायकाकडे लागलेले असते. त्याच्या बाजूस बसलेला सारंगीवाला किंवा पेटीवाला काय करीत आहे, इकडे आपण क्वचितच पाहतो. त्याने हात आखडता घेतला, तर मात्र गाणे तत्काळ उघडे पडते. साथीच्या वाद्याचे असणे सहसा जाणवत नाही. नसणे तेवढे जाणवते. आपल्याकडील सारंगी हे असेच दीर्घकाळ गायकाच्या छायेत राहिलेले वाद्य. विसाव्या शतकाच्या मध्यास पंडित रामनारायण यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. अमेरिकेतील जॅझ संगीतात गिटारच्या वाट्यासही प्रथम साथच आली होती. तिला त्या स्थानावरून उठवून स्वतःच्या वाणीने बोलावयास लावणाऱ्या आद्य कलावंतांत लॉनी जॉन्सन या कृष्णवर्णीय गायक-वादकाची गणना होते. त्याचे जीवन व त्याची कला यांचा परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

जॉन्सनचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या नगरात झाला. मिसिसिपी नदीच्या तीरावरील हे बंदर म्हणजे जॅझची जन्मभूमी होय. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज, फ्रेंच, स्पॅनिश आणि इतर अनेक लोक तेथे एकत्र आले होते. त्यांच्या ताला-सुरांच्या संगमातून हे संगीत निर्माण झाले. लिहिलेली चाल जशीच्या तशी न वाजविता वादकाने तिच्या आधारे आयत्या वेळी नवे स्वरवाक्य रचावे, हा जॅझचा प्राण आहे. आपल्या संगीतात ज्याला आपण उपज म्हणतो, तिच्याशी याचे नाते सहज ओळखता येईल.

जॉन्सनचे घराणे वादकांचे होते. वडिलांचे तंतुवाद्यांचे पथक असे व लग्नकार्यांत आणि मेजवान्यांत ते वाजत असे. या पथकात लॉनी लहानपणापासून व्हायोलिन वाजवू लागला. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. व्हायोलिनवर गज फिरवून एक एक स्वर लांबविता येतो, त्यामुळे व्हायोलिन वाजविणारा मनुष्य चालीच्या भाषेत विचार करतो. गिटारवर एकाच वेळी अनेक तारा छेडून स्वरसमूह वाजविण्याची रीत रूढ होती. जॉन्सनने पुढे गिटार हाती घेतली, ती व्हायोलिनवर घडलेला कान बरोबर घेऊन.

१९१७ साली एका नाट्यसंगीत मंडळीबरोबर तो इंग्लंडला गेला. १९१९ मध्ये परत येऊन पाहतो, तो घर रिकामे झालेले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याचे जवळजवळ सारे कुटुंब मृत्युमुखी पडले होते. जेम्स हा एक भाऊ तेवढा उरला होता. याच रोगाने त्या वर्षी हिंदुस्थानातही हाहाकार उडविला होता आणि महाराष्ट्रातील जुनी माणसे त्यास ‘मानमोडी’ म्हणत. ज्या पथकात वाजवून तो लहानाचा मोठा झाला, ते पथकच नाहीसे झाले. १९२१ च्या सुमारास दोघे भाऊ सेंट लुईस या शहरी गेले. तेथे नदीतून फिरणाऱ्या उतारूंच्या आगबोटींवर वाद्यवृंद असत; त्यांत वाजवून लॉनी चरितार्थ चालवू लागला.

१९२५ साली सेंट लुईस येथील एका नाट्यगृहात ‘ब्लूज’ गायनाची स्पर्धा भरली. कित्येक आठवडे चाललेल्या या स्पर्धेत जॉन्सन विजयी झाला आणि ओके या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार हे त्याचे पारितोषिक ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात त्याची पहिली गाणी मुद्रित झाली. वस्तुतः तो केवळ ब्लूजचा गायक नव्हता. भावगीते, नृत्याच्या चाली, जॅझ असे सर्व प्रकार त्याला अवगत होते. परंतु स्पर्धा ब्लूजची होती म्हणून तो ब्लूज गायिला, आणि जिंकला म्हणून कंपनीने त्याच्यावर तोच शिक्का मारला. हा शिक्का त्याला जन्मभर पुसता आला नाही. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांची यादीही वेगळी छापली जाई, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता ब्लूज म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. ब्लूजचे नेहमीचे कडवे तीन ओळींचे असते. पहिली ओळ दुसऱ्यांदा तशीच म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावयाचे. प्रत्येकी चार मात्रांचे बारा खंड मिळून हे आवर्तन पुरे होते. मात्र गायकाची ओळ तिच्या वाट्याच्या चार खंडांपैकी जेमतेम अर्ध्याच खंडांत संपते व पुढे मोकळी जागा राहते. ही मोकळी जागा वाद्याची. सामान्य वादक तेथे ठेका धरून पुढील ओळीची वाट पाहत असे. जॉन्सन तेथे बोलू लागला. त्याने गायिलेल्या ओळीला त्याचीच गिटार उत्तर देई. कधी ती दुजोरा देई, तर कधी ओळीत न मावलेले दुःख पुरे करी. एकाच माणसाच्या ठायी गायक आणि साथीदार असे दोघे नांदत होते आणि त्या दोघांचा मान सारखा होता.

हे साधण्यास त्या काळातील एक यांत्रिक सुधारणाही कारणीभूत झाली. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण मोठ्या कर्ण्यासमोर होत असे. त्या कर्ण्यात गिटारचा मृदू स्वर नीट उमटत नसे; म्हणून जॅझच्या वृंदांत खणखणीत आवाजाच्या बँजोचे राज्य होते. १९२५ साली मायक्रोफोनच्या साहाय्याने विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले, आणि मंद व सूक्ष्म स्वरही तबकडीवर उतरू लागले. पुढील काही वर्षांत बँजो मागे पडला व गिटार पुढे आली. परंतु यंत्राने केवळ दार उघडले. आत शिरून काय बोलावयाचे, हे कलावंतालाच ठरवावे लागते. जॉन्सनने सर्व तारा एकदम छेडण्याऐवजी एकेका तारेवर एकेक स्वर घेऊन सलग चाल वाजविली. पडद्यावर दाबलेली तार बोटाने किंचित ओढून तो स्वर वर नेई आणि त्याला हलकासा कंप देई. सतारीवरील मींड ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या क्रियेचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच्या या कौशल्याची कीर्ती लवकरच जॅझच्या श्रेष्ठींपर्यंत पोहोचली. डिसेंबर १९२७ मध्ये शिकागो येथे लुई आर्मस्ट्राँग याने आपल्या ‘हॉट फाइव्ह’ या वृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी त्याला पाचारण केले. आर्मस्ट्राँग हे नाव गोमंतकीयांना परके नाही. आपल्या हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक, हे भारताचे आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. ‘हॉटर दॅन दॅट’ या मुद्रिकेत आर्मस्ट्राँग तराण्यासारख्या अर्थहीन अक्षरांनी गातो आणि मग एकेका स्वरवाक्याला जॉन्सनची गिटार तशाच वाक्याने उत्तर देते. इतर वाद्ये त्या वेळी स्तब्ध असतात. त्या काळच्या सर्वश्रेष्ठ जॅझ कलावंताशी गिटारने बरोबरीच्या नात्याने केलेले हे संभाषण होय. पुढच्याच वर्षी ड्यूक एलिंग्टन याच्या वाद्यवृंदाबरोबरही त्याने ध्वनिमुद्रण केले.

१९२८ व १९२९ या वर्षांत एडी लँग या गौरवर्णीय गिटारवादकाबरोबर त्याने केलेली युगुलवादने आजही आदर्श मानली जातात. लँग भक्कम स्वरसमूहांची बैठक देई आणि जॉन्सन तीवर चालीची वेलबुट्टी काढी. परंतु गोऱ्या व काळ्या कलावंतांनी एकत्र वाजविल्याचे तबकडीवर छापणे त्या काळच्या अमेरिकेत सोयीचे नव्हते. म्हणून लँगचे नाव ‘ब्लाइंड विली डन’, म्हणजे आंधळा विली डन, असे एका काल्पनिक कृष्णवर्णीय वादकाचे छापण्यात आले. दोन गिटारी जेथे इतक्या सलोख्याने नांदत होत्या, तेथे दोन नावांना शेजारी बसण्याची मुभा नव्हती. संगीताला जातिभेद ठाऊक नसतो, असे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. संगीत विकणाऱ्यांना तो चांगलाच ठाऊक असतो, हे या उदाहरणावरून दिसते.

१९२९ नंतर अमेरिकेवर आर्थिक मंदीचे संकट कोसळले. ध्वनिमुद्रिकांचा धंदा बसला. १९२५ ते १९३२ या अवधीत ओकेसाठी सुमारे १३० गाणी मुद्रित करणाऱ्या या कलावंतावर पोलादाच्या कारखान्यात काम करण्याची पाळी आली. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो शिकागोत पुन्हा मुद्रण करू लागला व विजेवर चालणारी नवी गिटारही त्याने आत्मसात केली. १९४८ साली ‘टुमारो नाइट’ हे त्याचे गीत कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत सात आठवडे अग्रस्थानी राहिले. विशेष म्हणजे हे ब्लूज नसून एक हळुवार प्रेमगीत होते. शिक्का मारणाऱ्यांना त्याने तेवीस वर्षांनंतर दिलेले हे उत्तर म्हणावे लागेल.

तथापि हे वैभवही टिकले नाही. लोकांची अभिरुची बदलली आणि जॉन्सन पुन्हा विस्मृतीत गेला. १९५९ साली ख्रिस आल्बर्टसन या नभोवाणीवरील निवेदकाला त्याचा शोध लागला, तेव्हा तो फिलाडेल्फियातील एका मोठ्या हॉटेलात झाडलोटीचे काम करीत होता. आल्बर्टसनच्या प्रयत्नाने त्याच्या नव्या दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि १९६३ साली तो ब्लूज कलावंतांच्या मंडळीबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. तेथेही श्रोत्यांना त्याच्याकडून खेड्यातील जुनेपुराणे ब्लूजच हवे असत आणि तो त्यांना मधुर भावगीते ऐकवू पाही. १९६५ मध्ये तो कॅनडातील टोरोंटो येथे जाऊन राहिला. मार्च १९६९ मध्ये मोटारीच्या अपघातात तो जबर जखमी झाला. फेब्रुवारी १९७० मध्ये तेथील मॅसी हॉलमध्ये तो अखेरचा रंगमंचावर आला व गायिला. १६ जून १९७० रोजी त्याचे निधन झाले.

आज एकेका तारेवर, स्वर ओढून केलेले गिटारवादन जगभर ऐकू येते. बी. बी. किंग यांच्यासारख्या विश्वविख्यात वादकाने जॉन्सनचे ऋण वारंवार मान्य केले आहे. जे त्याच्याकडून शिकले, ते त्याच्याहून प्रसिद्ध झाले. आणि त्यांच्याकडून जे शिकले, त्यांतील बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नाही. कलेच्या इतिहासात असे पुष्कळ वेळा घडते. वाट पाडणाऱ्याचे नाव वाटेवर लिहिलेले नसते.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध माझ्या मते असा आहे. कारखान्यात पोलाद हाताळणारे आणि हॉटेलात केरसुणी धरणारे हात तेच होते, ज्यांनी आर्मस्ट्राँगच्या कंठाला उत्तर दिले. पोटासाठी केलेल्या कामाची त्याची कला बाटली नाही, की गमावलेल्या कीर्तीने तिचे तेज ओसरले नाही. दोनदा वाद्य बाजूस ठेवावे लागले, दोन्ही वेळा तो परत आला तेव्हा बोटांतील गोडवा शाबूत होता. लाडाईनेला किंवा मांडोच्या बैठकीला जेव्हा तुम्ही जाल, भजनात जेव्हा पेटी ऐकाल, तेव्हा एक करून पाहा. गाणारा श्वास घेण्यास थांबेल, त्या क्षणी त्याच्याकडे न पाहता साथीदाराच्या बोटांकडे पाहा आणि तो त्या मोकळ्या जागेत काय सांगतो, ते कान देऊन ऐका.