हवापालट, मित्र आणि मनाचे दुखणे

"डॉक्टर, यांना चार दिवस कुठे हवापालटाला नेलं तर बरं वाटेल का?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो. पाठोपाठ दुसरी शंकाही येते : "पण घरात असं दुःख असताना फिरायला गेलो, तर लोक काय म्हणतील?" आजच्या लेखात या दोन्ही प्रश्नांचा विचार करू. त्यासाठी एक अनुभव सांगतो. तो सांगायला ज्याचा आहे त्याची परवानगी घेतली आहे.

आम्ही चौघे अंबरनाथच्या शाळेतले वर्गमित्र. एक उल्हासनगरात जीन्सच्या धंद्यात, एक बदलापूरला शिक्षक, एक अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर आणि मी. 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सुपरवायझर मित्राची पत्नी गेली. अंत्यदर्शन नाही, दहाव्याला माणसे नाहीत, कोणी खांद्यावर हात ठेवायला आले नाही. पुढे सात-आठ महिने तो माझ्याकडे येत असे. तक्रार एकच, झोप लागत नाही. बाहेर रुग्णांची रांग असे. मी गोळी लिहून देत होतो, वेळ मात्र देत नव्हतो.

डिसेंबरमध्ये शिक्षक मित्राने विषय काढला. मोठी सहल नको, खर्चही नको, दोन रात्री माथेरानला जाऊ. लोकलने नेरळ, तेथून दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी आणि पुढे पायी. (2019 च्या पावसात मार्ग खचल्याने नेरळहून निघणारी छोटी गाडी तेव्हा बंद होती. ती 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली.) माथेरानात मोटारींना बंदी असल्याने माणूस आपोआप चालतो आणि चालता चालता बोलतो. निघताना आम्ही एकच ठरवले होते, त्याला कोणी काही विचारायचे नाही.

पहिला दिवस जेवण, पत्ते आणि शाळेच्या गप्पांत गेला. तो गप्पच होता, पण दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, हे माझ्यातल्या डॉक्टराने टिपले. दुसऱ्या संध्याकाळी शार्लोट तलावाच्या काठी बसलो असता तो एकाएकी म्हणाला, "रात्री झोपताना वाटतं रे, सकाळ होऊच नये."

आठ महिन्यांत दवाखान्यात हे वाक्य त्याने उच्चारले नव्हते. मी सरळ विचारले, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" तो म्हणाला, "येतं." पुढचा तासभर तो बोलला, रडला. आम्ही ऐकले. रात्री दोघे जण आळीपाळीने त्याच्याजवळ जागे राहिले. परतल्यावर त्याच दिवशी घरातल्या उरलेल्या गोळ्या त्याच्या भावाच्या ताब्यात दिल्या आणि त्याच आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. औषधांचा गुण दिसायला तीन-चार आठवडे लागले. आज तो ठीक आहे.

वाचकहो, असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसता विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने त्याच्या मनावरचे ओझे हलके होते व मदतीची वाट सापडते.

मित्रांच्या सहवासाचा शरीराशी खरोखर संबंध आहे काय? 2010 साली 148 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकाकीपणाने त्रस्त आहे. सहलीबाबत मात्र अभ्यास असेही सांगतात की, तिचा चांगला परिणाम घरी परतल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून सहल हा उपचार नव्हे, ती उपचाराची सुरुवात ठरू शकते. आम्ही चौघे त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ भेटतो. चहा, अर्धा तास गप्पा, बस्स.

अशा सहलीला निघताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

1. माणसे थोडी व जवळची असावीत. ठिकाण जवळचे, खर्च बेताचा. कर्ज काढून केलेला हवापालट परतल्यावर ताणच वाढवतो.

2. दुःखी माणसाला "विसर आता सगळं" असे म्हणू नये. त्याला बोलते करण्याची घाई नको, हसण्याची सक्ती नको.

3. मद्याने दुःख बुडत नाही. त्याने झोप बिघडते व उदासीनता वाढते. झोपेच्या गोळीबरोबर ते धोक्याचे आहे.

4. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या बरोबर घ्याव्यात. हृदयविकार असल्यास चढ चढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

5. पावसाळ्यात कोंडेश्वरच्या धबधब्यात किंवा बारवीच्या पाण्यात उतरू नये. दुःखात भर पडेल असे काही करू नये.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. जगण्याची इच्छाच नाही असे कोणी बोलू लागल्यास एक दिवसही थांबू नये, त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे व तेथे मराठीतही बोलता येते.

राहिला प्रश्न लोकांचा. लोक काय म्हणतील? दोन दिवस म्हणतील आणि विसरतील. आपला माणूस मात्र आपल्यात राहील.