जुन्या गाड्यांतील व्हॅक्यूमच्या नळ्या

सह्याद्रीतील घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय काही चालकांना असते. ज्या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टरची जोड आहे, त्या गाडीत ही काटकसर फार महाग पडू शकते. इंजिन थांबले की बूस्टरला मिळणारी मदत थांबते. साठ्यातील निर्वातावर पेडल दोन-तीन वेळा नीट दाबले जाते, मग ते दगडासारखे कडक होते. ब्रेक मुळीच लागत नाही असे नव्हे. पण त्यासाठी पायाचा जोर कितीतरी पट अधिक लावावा लागतो. व्हॅक्यूमची नळी चिरली असेल, तर इंजिन चालू असतानाही हाच प्रसंग ओढवतो.

या मदतीचे मूळ वातावरणाच्या दाबात आहे. बूस्टरच्या डब्यात एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूची हवा काढून घेतलेली असते आणि पेडल दाबताच दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा शिरते. पडद्याचा व्यास 20 सेंटिमीटर आणि दाबातील फरक पाऱ्याच्या 500 मिलिमीटरइतका धरला, तर सुमारे 200 किलोचा रेटा चालकाच्या पायाला साह्य करतो. पेट्रोल इंजिनात हे निर्वात इनटेक मॅनिफोल्डमधून मिळते. डिझेल इंजिनात ते तसे मिळत नाही, म्हणून स्वतंत्र पंप लागतो. अनेक जुन्या डिझेल जीपगाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या मागे बसविलेला असतो. त्यामुळे फॅनबेल्ट ढिला पडला वा तुटला की केवळ बॅटरीचे चार्जिंगच नव्हे, तर ब्रेकची मदतही जाते. ही गोष्ट प्रत्येक जीपचालकास ठाऊक असावयास हवी.

इंजिनाची उष्णता, तेलाचे बाष्प आणि सततची थरथर यांमुळे रबर कालांतराने टणक होते. पहिली चीर बहुधा क्लॅम्पजवळ पडते. कधी नळी बाहेरून धड दिसते, पण तिचा आतील थर सुटून मार्ग अडवितो. कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी बारीक नळी फुटली, तर इंजिन आयडलिंगला डगमगते व पेट्रोल अधिक जळते. गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी लावून बुडबुड्यांची वाट पाहणे व्यर्थ होय, कारण येथे हवा बाहेर पडत नसून आत ओढली जाते. त्यापेक्षा रबरी नळीचा हातभर तुकडा कानाशी धरून, पंखा व पट्ट्यापासून दूर राहून, दुसरे टोक जोडांजवळ फिरवावे. सूं असा आवाज जागा दाखवितो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून पाहण्याचा प्रकार मात्र कोणीही करू नये.

नळी बदलताना इंजिन थंड असावे. नळ्या अनेक असल्यास एका वेळी एकच काढावी आणि तिच्या जागी नवी बसवूनच पुढच्या नळीस हात घालावा. घट्ट चिकटलेली नळी ओढू नये. प्लॅस्टिकची तोटी मोडते. ब्लेडने नळी लांबीच्या दिशेने चिरून सोडवावी. नवी नळी व्हॅक्यूमसाठीच बनविलेली असावी. रेडिएटरची वा बाजारातील साधी पाण्याची नळी स्वस्त पडते, परंतु गरम झाल्यावर ती आतल्या ओढीने चपटी होते. डिझेल गाडीत पंपाला इंजिनातील तेल मिळत असल्याने तेलास टिकणारे रबर आवश्यक असते. आतील व्यास व लांबी जुन्याइतकीच ठेवावी, नळीला मुरड पडू देऊ नये व ती एक्झॉस्टपासून दूर न्यावी. बसविताना ग्रीसऐवजी पाण्याचा ओलावा पुरे.

मेकॅनिक जिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, ती एकमार्गी झडप या कामात हमखास उलटी बसते. हवा बूस्टरकडून इंजिनाकडे जावी, उलट येऊ नये. झडप स्वच्छ पुसून दोन्ही बाजूंनी फुंकर मारली की दिशा कळते. दोन्हीकडून हवा जात असेल तर झडप बदलावी.

काम झाल्यावर, इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबावे आणि दाबूनच धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. नंतर एक-दोन मिनिटांनी इंजिन बंद करून पुन्हा दाबावे. पहिल्याच दाबाला पेडल कडक लागले, तर झडप, जोड किंवा खुद्द बूस्टर यांपैकी काहीतरी गळत आहे, आणि अशी गाडी घाटात नेऊ नये.

व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांनी गावाची उंचीही ध्यानी घ्यावी. समुद्रसपाटीला चांगले पेट्रोल इंजिन आयडलिंगला 450 ते 500 मिलिमीटर दाखविते. सुमारे 1,350 मीटर उंचीवरील महाबळेश्वरी तेच इंजिन शंभराहून अधिक मिलिमीटर कमी दाखवील. तेथे हवाच विरळ आहे. दोष नळीचा नव्हे.